नकाशातली कोरी बांधी

१

सारसाची जोडी ओरडली की केशोरीच्या तलावापलीकडचा माणूससुद्धा हातातलं काम थांबवून कान देतो. त्या सकाळी मात्र जोडी गप्प होती. दोन्ही पक्षी बांधीच्या, धानाच्या पाणी भरलेल्या खाचराच्या, मधोमध गवताच्या ढिगाला चिकटून उभे होते, आणि त्या ढिगावर काहीही नव्हतं.

आदल्या संध्याकाळपर्यंत तिथं दोन अंडी होती.

बातमी गावभर व्हायला किती वेळ लागतो! संध्या पोहोचली तेव्हा धुऱ्यावर, दोन बांध्यांमधल्या बांधावर, चांगलीच गर्दी जमली होती. सगळ्यांच्या नजरा आधी घरट्याकडे आणि मग तिच्याकडे वळल्या. ती होती गोंदियाजवळच्या फुलचूरची. खऱ्या मुलखाचे अद्भुत नकाशे काढणं हा तिचा धंदा. संगणकात जमिनीचे उंचसखल आकडे घालायचे आणि त्यातून गोष्टीतलं राज्य उभं करायचं: डोंगरांची वारुळं, झाडांचे झुपके, पाण्यावर लाटांच्या बारीक रेघा, कोपऱ्यात एखादा अजगर. केशोरीचा तिचा नकाशा कालच चंद्रकुमारच्या पाहुणेघराच्या हॉलमध्ये भिंतभर लागला होता.

तो चंद्रकुमारच आता सगळ्यांत मोठ्यानं बोलत होता.

"मी म्हनून रायलो, हे नकाशाचंच काम आहे! तिकडं पाहा, पळसाकडून सरळ रेघ आली आहे. यांच्या नकाशात पळसाकडची वाट काढली आहे ना, तीच धरून आला चोर. कोनी तरी बाहेरचा असन. आपल्या गावचा मानूस असं करते का?"

खरंच, पळसाच्या झाडांपासून घरट्यापर्यंत धानातून एक पट्टा आडवा झाला होता.

गर्दीतून वनरक्षक फुलवंता पुढे आली. गणवेश गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला. घरटं नेमकं कुठल्या बांधीत आहे हे तिघांनाच ठाऊक होतं: बांधीचा मालक खेमराज, फुलवंता आणि संध्या. पर्यटकांच्या वाटा घरट्यापासून लांब राहाव्यात म्हणून नकाशा काढायच्या आधीच फुलवंतानं विश्वासानं ती जागा संध्याला सांगितली होती.

ती संध्याच्या अगदी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "तू कोनाले सांगतलंस?"

२

"कोणालाच नाही," संध्या म्हणाली. ते खरं होतं, पण तिचं तिलाच ते लंगडं वाटलं.

फुलवंतानं वाद घातला नाही. आभाळाकडे पाहून ती म्हणाली, "अंडी कुठं ऊबेत असली तं जगतीन. पन ही जोडी रिकाम्या घरट्यापाशी किती वेळ उभी राहीन? दुपार कलली का उडून जाईन, आनि मंग परत या बांधीत उतरनार नाही. इतक्या वर्षांनी आली होती. आमचे फॉरेस्टचे साहेब येऊन रायले. त्याईले मले सांगावं लागन का जागा तुले मी सांगतली होती."

म्हणजे दुपार कलायच्या आत अंडी परत घरट्यात हवी होती. नाहीतर पक्षी गेले, फुलवंताची नोकरी गेली, आणि संध्याच्या कपाळावर कायमचा डाग. रडत बसायला वेळ कुठं होता?

तिनं सलवार खोचली आणि आडव्या झालेल्या पट्ट्याच्या कडेनं पाहत गेली. पाण्यात पावलं उरली नव्हती. धानाची ताटं मात्र मुकाट पडून होती, सगळीच्या सगळी शेंड्यांनी पळसाकडे झुकलेली. पलीकडच्या बाजूला घरट्यापासून थोड्याच अंतरावर कोरडा, रुंद धुरा होता. बैलही त्यावरून आरामात जाईल असा.

खेमराज त्या धुऱ्यावर उकिडवा बसला होता. कोहळी समाजाचा साठीचा शेतकरी, ज्याच्या पूर्वजांनी हा तलाव बांधला असं तो प्रत्येक पाहुण्याला एकदा तरी सांगत असे. आज त्याची नजर घरट्यावरून हलत नव्हती.

"काका, घरट्यामुळे धान लावायचा तुमचा अर्धा रोवणा राहिला. लोक म्हणताहेत, तुम्हीच..."

"म्हनू दे!" म्हातारा उसळला. "माझी बांधी, माझे पाहुने. पाहुन्याच्या पोटावर पाय द्याले मी का राक्षस आहो? अवो, सारसाचं अंडं फोडलं तं घरची जोडी फुटते. हे इथं लेकराले मालूम आहे. आमच्या गावचा चोर असला ना, तरी अंडं फोडनार नाही."

"चोर पळसाकडच्या वाटेनं आला म्हणतात."

"कोनती वाट?" खेमराजनं कपाळाला आठ्या घातल्या. "थो तं जुना पाट आहे, पानी न्यायचा. कधीचा गाळानं भरला. मांडीभर चिखल! तिथून कुत्रंबी जात नाही. धुरा सोडून तिकडून कायले कोनी येईन?"

"तुम्ही माझा नकाशा पाहिलात का काका?"

"मी कायले त्या हॉलात जाऊ? माझं शेत मले भिंतीवर पाहाले पाहिजे का?"

संध्या चार पावलं गेली आणि जागीच थबकली. पळसाकडे वाट नव्हतीच. मग चंद्रकुमारला ती नकाशात दिसली कशी?

३

पाहुणेघराच्या फाटकाशी पांढऱ्या राजहंसांची जोडी पाळली होती. पाहुण्यांना शोभा, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पोटऱ्यांना ताप. काल दोघांनी मिळून संध्याच्या ओढणीची पार लक्तरं केली होती. आज एकटा नर फिसफिसत अंगावर आला आणि उगाच माघारी वळला. तिचं त्याच्याकडे फारसं लक्ष नव्हतं. अंगणात ताडपत्रीखाली पायडल मारायच्या दोन नव्याकोऱ्या बोटी पालथ्या पडल्या होत्या. त्यांना वळसा घालून ती आत गेली.

ओसरीवर हिमांशु कॅमेऱ्याची काच पुसत बसला होता. गोंदियाचा हा पोरगा आठवडाभर इथंच मुक्कामाला होता. घरट्याचा फोटो मिळावा म्हणून त्यानं फुलवंताच्या इतक्या मिनतवाऱ्या केल्या होत्या की तिनं शेवटी काठी उगारली होती. गावाचा पहिला संशय अर्थातच त्याच्यावर.

"दीदी, सच बोलू?" तो तिला पाहताच म्हणाला. "मला घोसला शोधायचाच होता. काल रात्रीच्या जेवणानंतर तुमच्या नकाशासमोर खुर्ची टाकून बसलो. एकेक इंच पाहिला. कुछ नहीं मिला! तलाव आहे, धान आहे, तलावाच्या बांधाची पाळ आहे, तो मोठा गोल चक्का आहे दिशांचा. घोसल्याचा नामोनिशान नाही. मी वैतागून झोपलो."

"आणि वाट? पळसाकडची?"

"कौनसी वाट? पाळीवरची एकच वाट आहे की नकाशात. मी तीच धरून रोज जातो." त्यानं मोबाइल पुढे केला. "हे पाहा, फोटो काढून ठेवलाय."

संध्यानं फोटो पाहिला. मग खात्रीसाठी ती हॉलमध्ये गेली आणि भिंतीवरच्या आपल्याच नकाशासमोर जाऊन उभी राहिली. तलाव, धान, पाळीवरची ठिपक्यांची वाट, दिशाचक्र. पळसाकडे झाडांचा एक झुपका आणि बाकी नुसतं हिरवं.

"दीदी," दारातून हिमांशु म्हणाला, "मला अंडी चोरून काय मिळणार? रिकाम्या घोसल्याचा फोटो कोण घेतं? फायदा झाला तर चंद्रकुमारभाऊंचा. फॉरेस्टवाल्यांनी सांगितलं होतं ना, जोवर अंडी आहेत, तोवर तलावात बोटिंग बंद."

स्वयंपाकघरातून चंद्रकुमारची बायको, सुमित्राबाई, भिजवलेल्या कोंड्याची वाटी घेऊन बाहेर पडली. एरवी चहा घेतल्याशिवाय ती कोणाला सोडत नसे. आज तिनं संध्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि तशीच मागच्या खुराड्याकडे गेली.

संध्याच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. ती वाट नकाशात होती. पण या नकाशात नव्हती.

४

पाहुणेघरातल्या आपल्या खोलीचं दार लावून तिनं लॅपटॉप उघडला. मग महिन्यापूर्वीचा कच्चा नकाशा शोधायला घेतला.

तो पडद्यावर आला आणि पळसाकडून तलावाखालच्या बांध्यांपर्यंत गेलेली सरळ तपकिरी वाट स्पष्ट दिसली. जुन्या पाटाचा तो काठ. उंचसखल आकड्यांत तो सरळ रेघेसारखा दिसला आणि तिनं बसल्या जागी त्याची वाट करून टाकली होती. नंतर फुलवंताबरोबर पाळीवर उभं राहिल्यावर चूक कळली, आणि घरी जाऊन तिनं ती पुसली. कच्चा नकाशा तिनं एकाच माणसाला पाठवला होता, पसंतीसाठी: चंद्रकुमारला. त्याचं "एकदम झकास" असं उत्तरही तिच्या मोबाइलमध्ये होतं.

म्हणजे चोर सापडला! आनंदानं ती उठणारच होती, तेवढ्यात तिची नजर नकाशात खाली गेली आणि एका जागी अडकली.

बांध्यांचा सगळा मुलूख धानाच्या लहान लहान तुऱ्यांनी गच्च भरला होता. ते तुरे हातानं कोण काढत बसणार. हुकूम दिला की संगणक स्वतःच पेरतो. घरट्याच्या बांधीत चुकूनही वाट, झाड, बोट काही पडू नये म्हणून तिनं त्या बांधीवर झाकण घातलं होतं. इथं काही काढू नकोस, असं संगणकाला सांगायची तिच्या धंद्यातली ती रीत. संगणकानं निमूटपणे ऐकलं. त्यानं तिथं तुरेसुद्धा पेरले नाहीत. भरल्या शेतात एकच बांधी कोरी राहिली होती. बोटानं दाखवावी तशी.

जे लपवायचं तेच तिनं चव्हाट्यावर मांडलं होतं. आणि छापायच्या वेळी तो कोपरा जरा रिकामा वाटला, म्हणून शोभेला वर दिशाचक्र ठेवून दिलं. रिकामा का वाटला, हे तेव्हा मनातही आलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा.

ती पलंगावर बसून राहिली. हा कच्चा नकाशा दाखवला तरच चंद्रकुमारकडे बोट जाणार. आणि दाखवला की जागा कोणी फोडली तेही सगळ्या गावाला दिसणार. नाही दाखवला तर कोणालाच काही कळणार नव्हतं. फुलवंतानं तिच्यावर विश्वास ठेवला होता, आणि तिनं नुसतं गप्प बसायचं होतं.

तेवढ्यात बांध्यांकडून जोडीची हाक आली. एकाची लांब, दुसऱ्याची तुटक, आणि मग पंखांची फडफड. संध्यानं लॅपटॉप छातीशी धरला आणि धावत सुटली.

५

हॉलमध्ये सगळे जमले तेव्हा साहेबांची गाडी अजून यायची होती. फुलवंता दाराशी उभी, खेमराज उंबऱ्याच्या आत यायला तयार नाही, हिमांशु भिंतीला टेकलेला. चंद्रकुमार खुर्चीत पाय पसरून बसला होता.

"भाऊ," संध्या म्हणाली, "सकाळी तुम्ही म्हणालात, नकाशातली पळसाकडची वाट धरून चोर आला. ही भिंत तुमची, नकाशा तुमचा. वाट दाखवा."

चंद्रकुमार हसत उठला. त्यानं नकाशावर बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा. बोट पळसांवर अडकलं आणि त्याचं हसू विरलं. भिंतीवरचा नकाशा पाहुण्यांसाठी असतो; मालक त्याच्याकडे कशाला पाहतो?

"होती... मी पाहिली होती."

"पाहिली होती. मोबाइलमध्ये. महिन्यापूर्वी मी पाठवलेल्या कच्च्या नकाशात. तो तुमच्याशिवाय कोणाकडे गेलेला नाही."

"म्हनून मी चोर?" तो तडकला. "अवो, मी इथलाच. पळसाकडं मांडीभर गाळ आहे हे मले मालूम नाही का? मी तिकडून कायले जाईन?"

"तेच मलाही कोडं पडलं होतं. पण धान कुठं झुकलंय ते पाहिलंत? माणूस चालतो तिकडे ताट पडतं. घरट्याकडे कोणी गेलं असतं तर शेंडे घरट्याकडे असते. ते सगळे पळसाकडे आहेत. त्या पट्ट्यातून कोणी आत आलंच नाही. फक्त बाहेर गेलं." ती थांबली. "चोर कोरड्या धुऱ्यानं आला. त्याला धुरा माहीत होता. आणि हातात दोन अंडी घेऊन तो मुद्दाम चिखलात उतरला. कशासाठी? वाट न जाणणारा कोणी परका नकाशा पाहून आला, असं दिसावं म्हणून. काकांना धुरा माहीत, पण त्यांनी नकाशा पाहिला नाही. हिमांशुनं नकाशा पाहिला, पण हा, ज्यात ती वाट नाही. धुराही माहीत आणि ती खोटी वाटही माहीत, असा माणूस एकच."

चंद्रकुमारनं शेवटचा डाव टाकला.

"बरं. पन घरटं कोनत्या बांधीत आहे, हे मले कसं मालूम? खेमराजकाका बोलत नाही, फुलवंता बोलत नाही. मले का सपन पडलं?"

फुलवंतानं संध्याकडे पाहिलं. तिलाही हाच प्रश्न होता.

संध्यानं लॅपटॉप टेबलावर ठेवून उघडला आणि पडदा सगळ्यांकडे वळवला.

"यानं सांगितलं. मी काढलेल्या या कच्च्या नकाशानं," ती म्हणाली. "लपवायला म्हणून मी ती बांधी कोरी ठेवली. सगळीकडे धान आणि एकच जागा रिकामी. फुलवंता, मी कोणाला सांगितलं नाही. पण सांगितल्यासारखंच केलं. चूक माझी आहे."

फुलवंता जवळ आली. तिनं त्या कोऱ्या चौकोनावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललं नाही.

"अंडी कुठं आहेत?" खेमराज उंबऱ्यावरून ओरडला.

"मले का मालूम? मी नाही..."

"राजहंसाची मादी आज फाटकावर का नाही, भाऊ?" संध्यानं विचारलं. "आणि कोंडा भिजवून खुराड्याकडे कोणाला नेताहेत?"

चंद्रकुमार बोलायच्या आत स्वयंपाकघराच्या दारातून सुमित्राबाई बाहेर आली. ती नवऱ्याकडे न पाहता फुलवंताशी बोलली.

"मीच ठेवली तिच्याखाली. हे पहाटे आनून तलावात फेकाले निघाले होते. मी म्हटलं, ती फेकान तं मीबी माहेरी चालली. आमची जोडी फोडता का?" तिनं डोळे पुसले. "ऊन आहेत अजून. लवकर ने माय."

चंद्रकुमार खाली बसला. बोटी, कर्ज, हंगाम असं काहीतरी तो पुटपुटला, पण ऐकायला हॉलमध्ये कोणी उरलं नव्हतं.

६

सुमित्राबाईच्या लुगड्यात गुंडाळलेली अंडी फुलवंतानं पोटाशी धरली. पुढे खेमराज, मागे संध्या. कोरड्या धुऱ्यावरून तिघं घाईनं गेली. बांधीत आता एकच सारस उभा होता. दुसरा पाळीच्या टोकाशी जाऊन मान उंचावून दूर कुठंतरी पाहत होता.

फुलवंता पाण्यात उतरली. पक्ष्यानं पंख पसरून तिच्यावर झेप घेतली. ती खाली वाकून तशीच पुढे गेली, अंडी गवतावर ठेवली आणि पाठ न फिरवता मागे आली. तिच्या दंडावर चोचीचा ओरखडा उठला होता. ती धुऱ्याआड संध्याशेजारी बसली. हाताला लागलंय का, हे विचारायचा संध्याला धीर झाला नाही.

पक्षी घरट्याभोवती फिरत राहिला. अंड्यांकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. खेमराजनं डोळे मिटून हात जोडले. बऱ्याच वेळानं पाळीकडची मादी चालत आली, एकेक पाऊल पाण्यातून उचलत. तिनं मान खाली घातली. चोचीनं एक अंडं हळूच फिरवलं. मग दुसरं. आणि पाय दुमडून ती बसली.

खेमराज रडायला लागला, आणि ते लपवायचं त्यानं काहीच कारण मानलं नाही.

साहेबांची गाडी पाळीवर येऊन थांबली तशी फुलवंता उठली. गणवेश झटकत, पक्ष्यांवरची नजर न काढता ती म्हणाली, "तू दाखवलं नसतं तं अंडी वाचली नसती. साहेबाले मी हे सांगीन."

"आणि बाकीचं?"

"बाकीचंबी सांगीन. जसं झालं तसं." ती दोन पावलं गेली आणि थांबली. "पुढच्या साली जोडी परत आली, तं कोनत्या बांधीत बसली हे मी तुले सांगनार नाही, संध्या."

संध्यानं मान हलवली.

"नको सांगूस," ती म्हणाली.